पोर्सेलीनच्या फुलदाणीवर फूल कुठलं काढायचं आणि कसं? (कोल्हापुरातल्या मातीकामवाल्यांनी जरूर लिहा)

ओली_पाटी | शनिवार, रात्री १०.४०

मंडळी, बरेच दिवस डोक्यात घोळतंय ते आज लिहून काढतेय.

हल्ली स्टुडिओ पोर्सेलीनची, म्हणजे पांढऱ्या चिनी मातीची, फुलदाणी म्हटली की तिच्यावर चेरी ब्लॉसमची फांदी असते, नाहीतर पिओनी, नाहीतर लॅव्हेंडरचे तुरे. इन्स्टावर तेच, पुण्यामुंबईच्या प्रदर्शनात तेच आणि आता आपल्या दसरा चौकात शाहू स्मारकला स्टॉल लागतात तिथंपण तेच. काम वाईट असतं असं अजिबात नाही, काहींचा हात तर इतका सुंदर असतो की बघत राहावं. पण काढणारीनं ते झाड कधी जवळून बघितलेलं नसतं, फोटोवरून फोटो आणि त्यावरून परत फोटो असं चाललंय, त्यामुळं पाकळी कुठल्या बाजूला वळते, देठ कुठं जाड होतो, कळी मान कशी टाकते हे काहीच त्यात उतरत नाही. आणि आपण राहतो कुठं? पन्हाळा हाकेच्या अंतरावर, पुढं मसाई पठार, तिकडं राधानगरी-दाजीपूर. पावसाळा सरता सरता तेरडा, सोनकी, कारवी, गेंद, सीतेची आसवं, एवढं सगळं दारात असताना आपल्या फुलदाणीवर जपानातला वसंत कशाला?

मला सध्या कळलावीनं वेड लावलंय. बघितली नसेल तर सांगते, सहा पाकळ्या, कडा अशा नागमोडी की कुणी चिमटे काढत गेलंय, आणि सगळ्या उलट्या वर वळलेल्या, म्हणजे फुलाचं तोंड जमिनीकडं आणि पाकळ्या आभाळाकडं. खाली हिरवट पिवळा रंग, वर लाल, आणि जसजसं फूल जुनं होतं तसतसं पिवळं कमी होत जाऊन सगळं लालेलाल. पण मला सगळ्यात आवडतं ते पान. पानाचं टोक बारीक होत होत गुंडाळतं आणि त्याचाच ताणा होतो, त्यानं ती शेजारच्या झुडपाला धरून वर चढते. फुलदाणीच्या पोटावरून मानेकडं जाताना असा ताणा मानेला धरून वर गेलेला मला डोळ्यासमोर दिसतो.

आता प्रश्न. माझी भट्टी इलेक्ट्रिक आहे, १२६० डिग्रीपर्यंत नेते. लाल आणि पिवळा अंडरग्लेजमध्ये, म्हणजे ग्लेजच्या काचेरी लेपाखाली लावायच्या रंगात, धरत नाही, लाल तर विटकरी होऊन बसतो. तुम्ही काय करता? आणि रंगाशिवाय फूल दाखवायच्या कुठल्या पद्धती कुणी करून बघितल्यात?

शिरोली_फर्नेस | शनिवार, रात्री ११.१५

ताई, मी फाउंड्रीवाला, मातीकाम बायकोचं, भट्टी मी बांधून दिली त्यामुळं तापमानाचं आमच्या घरात माझ्याकडं असतं. लालचं सोपं उत्तर असं की लोखंडाचा लाल एवढ्या तापमानाला टिकत नाही, विटकरी-तपकिरी होणारच. तांब्याचा लाल हवा तर भट्टीत ऑक्सिजन कमी करून धुरकट आच द्यावी लागते, गॅस भट्टीत जमतं, इलेक्ट्रिकमध्ये करायला जाऊ नका, कॉइल खराब होतात. तुमच्यासाठी राहिला तो एन्कॅप्स्युलेटेड कॅडमियम स्टेन, म्हणजे रंगाचा कण झिरकॉनच्या कवचात बंद केलेला असतो, तो १२६० ला आरामात टिकतो. फक्त खलबत्त्यात जास्त घोटू नका, कवच फुटलं की रंग गेला. थरपण जरा जाड द्या, आणि मास्क लावून काम करा.

गुलाबीच्या वाटेला गेलात तर आधी तुमच्या पारदर्शक ग्लेजमध्ये झिंक आहे का बघा. क्रोम-टिनच्या गुलाबीला कॅल्शियम भरपूर लागतं आणि झिंक चालत नाही, झिंक असलं की तपकिरी. आमच्या घरी कमळाच्या पाकळ्या चहाच्या रंगाच्या निघाल्या तेव्हा कारण हेच निघालं.

चैत्रपालवी | रविवार, सकाळी ७.५०

माझा मुळातच वेगळा प्रश्न आहे. फुलदाणी फुलं ठेवायला असते ना? मग तिच्यावर आणखी फुलं कशाला? खरा निशिगंध ठेवला की मागची रंगवलेली फुलं त्याच्याशी भांडतात. मला तर साधी पांढरी, फार तर हलकी सेलाडॉन हिरवी फुलदाणी आवडते. आणि खरं बोलायचं तर आपल्याकडं फूल जातं देवाला नाहीतर वेणीत. महाद्वार रोडवर गजरा घेणारे किती आणि फुलदाणीत लावायला दांडीची फुलं घेणारे किती, तुम्हीच बघा.

ओली_पाटी | रविवार, सकाळी ८.३०

चैत्रपालवी, मुद्दा एकदम बरोबर आणि मला वाटतं यातच अर्धं उत्तर आहे. सगळ्या फुलदाण्या फुलं ठेवायला नसतातच. चीनमधली ती अरुंद तोंडाची, रुंद खांद्याची मेइपिंग मूळची दारू साठवायची, नंतर तिच्यात प्लमची एखादीच फांदी लावायला लागले. एक फांदी लावली की तेवढीच दिसते, बाकी सगळं अंग मोकळं, तिथं चित्राला जागा आहे. म्हणजे तोंड केवढं ठेवलंय यावर आत काय येणार ते ठरतं आणि आत काय येणार यावर बाहेर किती काढायचं ते ठरतं. रुंद तोंडाच्या, भरगच्च गुच्छ ठेवायच्या भांड्यावर मीसुद्धा काही काढत नाही.

आणि देवाला-वेणीत हे तर खरंच. म्हणूनच वाटतं की आपल्या घरात जी फुलदाणी येते ती बहुतेक रिकामीच उभी असते, कपाटावर, टीव्हीशेजारी. मग तिनं स्वतःच फूल व्हावं, त्यात काय वावगं?

विक्रीवाली_ताई | रविवार, सकाळी ११.०५

दुकानाच्या बाजूनं सांगते. गिऱ्हाईक गुलाब मागतं आणि सोनेरी काठ मागतं. हे कुणी नाकारू नये. सोनेरी काठ म्हणजे लस्टर, ग्लेज भाजून झाल्यावर परत ७००-७५० ला भाजायचा, गुलाबाचे डिकल, म्हणजे चिकटवायची छापील चित्रं, ८०० च्या आसपास. यात चुकण्यासारखं कमी, माल एकसारखा निघतो. कळलावी कितीही सुंदर असली तरी आमच्याकडं येणारी बाई म्हणणार हे विषारी झाड घरात नको. तुम्ही कलाकार आहात, तुमचं बरोबर आहे, पण भाडं, लाईट बिल आणि माती यांचा विचारपण झाला पाहिजे.

रानभूल | रविवार, दुपारी १२.२०

ताई, चित्रातली कळलावी विषारी नसते, त्यामुळं बिनधास्त ठेवा म्हणून सांगा त्यांना. खऱ्या झाडाचा कंद मात्र फार विषारी, त्याला कुणी हात लावायच्या भानगडीत पडू नये.

मी बॉटनीची. ओली_पाटी, कळलावी काढताना एक गोष्ट सोडू नका. पाकळ्या वर गेल्या की सहा पुंकेसर चाकाच्या आऱ्यांसारखे आडवे पसरतात आणि मधली स्त्रीकेसराची दांडी बुडातून काटकोनात एका बाजूला वळते. हा काटकोन नसला तर ती कळलावी नाही, दुसरंच काहीतरी लिलीचं फूल होतं. मी आत्तापर्यंत साड्यांवर, कॅलेंडरवर जितक्या बघितल्या त्यात बहुतेक ठिकाणी ती दांडी सरळ खाली काढलेली आहे.

आणि एक सुचवू का? कंदीलपुष्प. सेरोपेजिया. पश्चिम घाटात याच्या कितीतरी जाती फक्त इथंच सापडतात आणि आपल्या शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतीशास्त्र विभागानं त्या वाचवायला खूप काम केलंय, बागेत लावून जपल्यात. फुलाचा आकार बघा, बुडाला फुगीर, वर निमुळती नळी, तोंडाशी पाच पाकळ्या टोकाला एकत्र जुळून पिंजरा होतो. बारक्या माशा आत शिरतात, नळीतले केस खाली वळलेले असतात म्हणून बाहेर पडता येत नाही, केस सुकले की मग सुटतात आणि जाताना पराग घेऊन जातात. हे फूलच मुळात फुलदाणी आहे हो! वर काढण्यापेक्षा भांडंच तसं का करू नये?

ओली_पाटी | रविवार, दुपारी १२.४५

काटकोनाबद्दल हजार वेळा आभार. संध्याकाळी परत स्केच करते. कंदीलपुष्पाचं वाचून तर अंगावर काटा आला, फुगीर बूड आणि निमुळती मान हे चाकावर सहज निघतं, वरचा पिंजरा मात्र हातानं जोडायचा, तो भट्टीत कोसळेल का याची काळजी आहे.

आबा_कुंभारगल्ली | रविवार, दुपारी ३.३०

कोसळंल पोरी, पोर्सेलीन लई लाडात वाढल्यालं असतंय. मी जन्मभर लाल माती आणि शाडू हाताळला, पोर्सेलीन आत्ता म्हातारपणी नातवासंगं शिकायलोय, म्हणून सांगतो. ही माती आटते लई, ओली असताना जेवढी त्याच्या सातवा-आठवा हिस्सा कमी हुती, आणि वरच्या आचेला मऊ पडती. पाच पाकळ्या टोकाला जुळवशील तर मधी आधार दे. त्याच मातीचा बारका खांब करून उभा कर, म्हंजे सगळं बरोबर आटंल, वर अल्युमिनाची पूड लाव म्हंजे चिकटणार न्हाई.

दुसरं, पाकळ्या कधी जोडायच्या? चैत्र-वैशाखात अजिबात नको. त्या दिवसात आपल्याकडं पातळ पाकळी बघता बघता वाळती आणि आतलं भांडं ओलंच ऱ्हातंय, मग जोडावर चीर पडून गळून पडती. जोडकामाला आषाढ-श्रावण. हवा दमट, सगळं सावकाश वाळतंय. आम्ही गणपतीचा मुकुट, हार, बोटं सगळं त्याच दिवसात करतोय, त्याचं कारण नुसती चतुर्थी न्हवं. पाकळी आणि भांडं एकाच ओलीवर पायजे, दोन्हीकडं खरवडून त्याच मातीचा चिखल लावायचा आणि प्लास्टिकखाली ठेवून रोज थोडं थोडं उघडायचं.

ओली_पाटी | रविवार, दुपारी ३.५५

आबा, खांबाचं आधी कुणीच सांगितलं नव्हतं. नमस्कार तुम्हाला. नातवालापण इथं लिहायला सांगा.

रेषा_न_रेषा | रविवार, संध्याकाळी ६.१०

उशिरा आलो. ताई, तुम्ही जे म्हणताय ना, चित्रावरून चित्र नको, तेच एका जपानी माणसानं आयुष्यभर धरून ठेवलं. तोमिमोतो केनकिची, जन्म १८८६, १९६३ ला गेले. नक्षीवरून नक्षी करायची नाही, हा त्यांचा नियमच. जुन्या नमुन्यांच्या वह्या बाजूला ठेवून ते रानात, गावाच्या वाटांवर जाऊन स्केच करायचे आणि त्यातून नमुना घडवायचे. त्यांची चार पाकळ्यांची नक्षी फार गाजली. मूळ फूल कुंपणावरच्या एका वेलीचं, जाईच्या वळणाचं, पाच पाकळ्यांचं, यांनी त्याच्या चार केल्या, कारण चार पाकळ्या चौकोनात बसतात आणि एकाशेजारी एक लावत गेलं की सगळं भांडं न तुटता भरून निघतं. १९५५ मध्ये जपान सरकारनं ग्लेजवरच्या रंगीत पोर्सेलीनसाठी त्यांना मानाची मान्यता दिली, लोक ज्याला जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणतात ती. म्हणजे बघा, आधी खरं फूल बघायचं आणि मग भांड्यासाठी त्यात बदलपण करायचा. रानभूल यांच्या काटकोनाला माझा विरोध नाही, पण भांड्याला गरज असेल तर सहाच्या पाच पाकळ्या करायची मोकळीक चित्रकाराला पाहिजे.

उलट बाजूपण मांडतो. १८७० च्या दशकात मुंबईच्या जेजे कला शाळेत भांडीकाम सुरू झालं तेव्हा अजिंठ्याच्या नकलांवरून नक्ष्या घेतल्या. नक्षीवरूनच नक्षी, पण त्यातून काही अप्रतिम भांडी झाली. मग आपल्या अंबाबाईच्या देवळातलं दगडातलं कमळ, कोल्हापुरी साजातली पानं हे घेतलं तर काय बिघडलं? माझं मत असं की परंपरेतलं फूल हेपण बघितलेलंच फूल असतं, फक्त दुसऱ्या कुणीतरी बघितलेलं.

रानभूल | रविवार, संध्याकाळी ६.४०

पाच पाकळ्यांची कळलावी? नाही हो, मला नाही पटणार. मग तिला दुसरं नाव द्या.

ओली_पाटी | रविवार, रात्री ९.००

रेषा_न_रेषा दादा, तोमिमोतोंचं सविस्तर लिहिलंत हे फार बरं केलं. साज आणि देऊळ यावर मात्र मी तुमच्याशी सहमत नाही. देवळातलं कमळ ज्यानं कोरलं त्यानं दगडासाठी कोरलं. पाकळी जाड, सावली खोल, कारण ते उन्हात लांबून बघायचंय. तेच मी तीन मिलिमीटरच्या पोर्सेलीनवर आणलं तर जड होतं, मी बघितलंय तसं काम. पोर्सेलीनची स्वतःची गोष्ट काय, तर तिच्यातून उजेड आरपार जातो. मग फूलपण उजेडातच दिसलं पाहिजे. रंगाचा नाद सोडून मला आता तिकडंच जावंसं वाटतंय.

त्यासाठी वॉटर एचिंग, म्हणजे ओल्या स्पंजानं माती पुसून नक्षी उठवायचं काम, करणारं कुणी आहे का इथं?

वडणगेकर | सोमवार, सकाळी ६.३०

आहे की. मी तेच करायलोय दोन-तीन वर्षं. सगळं सांगतो, लांबेल.

भांडं पूर्ण वाळलेलं पाहिजे, भाजलेलं नाही. सुतार लोक पॉलिशला वापरतात तो चपडा हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, तो स्पिरिटमध्ये रात्रभर भिजवायचा, सकाळी गाळून घ्यायचा. लावलेला दिसावा म्हणून त्यात थोडी शाई टाका, ती भट्टीत जळून जाते. आता फुलाचा जो भाग सगळ्यात वर, जाड राहायला हवा तो आधी चपड्यानं रंगवायचा, कळलावीत म्हणजे पुंकेसर आणि पाकळीची नागमोडी कड. वाळू द्या. मग ओला स्पंज घट्ट पिळून हलक्या हातानं फिरवायचा. चपडा लावला तिथं पाणी लागत नाही, बाकीची माती विरघळून निघून येते आणि पृष्ठभाग खाली जातो. मग थांबायचं, भांडं परत वाळू द्यायचं, ही घाई करणाऱ्याचं भांडं हातात बसतं कारण पाणी आतपर्यंत मुरलं की भिंतीत जीव राहत नाही. वाळलं की दुसरा थर, आता पाकळीचं अंग रंगवा, परत पुसा. मग पानं, परत पुसा. शेवटी मागची जमीन सगळ्यात पातळ, पाकळीची कड सगळ्यात जाड. आत दिवा धरला की जमीन उजळते आणि फूल सावलीत उमटतं. उलट हवं असेल, म्हणजे फूल उजळ आणि जमीन गडद, तर जमिनीला चपडा लावा आणि फूल पुसा.

नॉर्वेच्या आर्ने ओसे यांनी पोर्सेलीनवर हे फार नेटानं केलंय, त्यांचे वाडगे बघा, कागदासारखे पातळ.

बिस्क, म्हणजे ग्लेजच्या आधीची पहिली भाजणी, करताना खिडक्या उघड्या ठेवा, चपड्याचा धूर डोळ्याला झोंबतो. आणि स्पंज धुतलेलं पाणी फेकू नका, खाली बसलेली माती परत वापरता येते.

अजून एक. बाहेरून ग्लेज देऊच नका. पोर्सेलीन पूर्ण पिकलं की पाणी झिरपत नाही, आतून ग्लेज पुरे. बाहेरून ग्लेज दिलं की कोरलेल्या कडा भरून जातात आणि सगळी मेहनत बुळबुळीत होते. भाजल्यावर रंगकाम करणाऱ्यांचा वॉटर पेपर घ्या, आधी ४०० मग १०००, पाण्याखाली घासा. हात लावला की सोडवत नाही.

चैत्रपालवी | सोमवार, सकाळी ९.१५

अशी फुलदाणी असेल तर माझं भांडण मिटलं. पांढऱ्यावर पांढरं फूल खऱ्या निशिगंधाशी भांडणार नाही.

शिरोली_फर्नेस | सोमवार, दुपारी १.३०

जेवणाच्या सुट्टीत लिहितोय. कुणीच क्रिस्टल ग्लेजचं नाव काढलं नाही म्हणून सांगतो, कारण तिथं फूल कुणी काढतच नाही, आपोआप उमलतं. ग्लेजमध्ये २५ टक्क्यांच्या आसपास झिंक ऑक्साइड, अल्युमिना जवळजवळ नाहीच. १२६० च्या वर नेऊन वितळवायचं, मग भराभर ११०० च्या खाली-वर आणून तिथं काही तास धरून ठेवायचं. त्या वेळात झिंक सिलिकेटचे स्फटिक वाढतात, गोल, मधून किरणं फुटलेले, शेवंतीसारखे. कोबाल्ट टाकलं तर स्फटिक निळे होतात.

आम्ही एसजी आयर्न, म्हणजे एक प्रकारचं ओतीव लोखंड, ओततो त्यात ग्रॅफाइटच्या गाठी वाढतात, तिथंपण खेळ हाच, आधी बीज पडायला पाहिजे आणि मग निवताना वेळ पाहिजे. कमी बीजं तर मोठी फुलं, जास्त बीजं तर सगळीकडं बारीक चुरा. म्हणून ग्लेज स्वच्छ गाळून घ्या आणि भट्टीचं तापमान मोजणारा थर्मोकपल खात्रीचा लावा, २० डिग्रीचा फरकसुद्धा फुलाचा आकार बदलतो. हे ग्लेज पाण्यासारखं ओघळतं, खाली ताटली आणि वेगळं बूड ठेवावंच लागतं, नंतर ग्राइंडरनं बूड तोडून घासायचं. मधेच लाईट गेली तर सगळं गेलं, त्यामुळं पावसाळ्यात मी ही भट्टी लावत नाही.

रेषा_न_रेषा | सोमवार, दुपारी २.००

सुंदर असतं, पण ते फूल कुठं बसणार हे तुमच्या हातात नाही. मला रेषा हवी.

शिरोली_फर्नेस | सोमवार, दुपारी २.०५

रानात तरी कुठं कुणाच्या हातात असतंय दादा.

विक्रीवाली_ताई | सोमवार, संध्याकाळी ५.२०

वडणगेकर दादा, दिवा धरल्यावर उमटणारी फुलदाणी मी दुकानात ठेवायला तयार आहे. मागं छोटा एलईडी लावून ठेवेन. किंमत तुम्ही सांगा, मी घासाघीस करणार नाही, पण भांड्याखाली चिठ्ठी पाहिजे की हे फूल कुठलं, कुठं उगवतं, कधी फुलतं. गिऱ्हाइकाला गोष्ट सांगितली की ते थांबतं. जरबेरा-गुलाबाला सांगायला माझ्याकडं काही नसतं.

ओली_पाटी | सोमवार, रात्री १०.१०

आज संध्याकाळी चपडा आणला, भिजत घातलाय. ठरलेलं लिहून ठेवते म्हणजे कुणाला काही खटकलं तर आधीच कळेल. मेइपिंगसारखा रुंद खांदा, अरुंद तोंड. कळलावी एकच, पुढच्या बाजूला, खांद्याच्या जरा खाली, म्हणजे फूल खाली बघतंय आणि पाकळ्या खांद्याच्या वळणाबरोबर वर जातायत. एक पान मागून येऊन त्याचा ताणा मानेला वेढा घेणार. बाकी मागची सगळी बाजू मोकळी. पाकळ्या सहाच, काटकोनासहित. लाल नाही, पिवळा नाही, काहीच नाही. ती ओळखू येईल तर वळणावरून येईल, रंगाची गरज पडली तर माझी रेघ कमी पडली असं समजेन.

वडणगेकर दादा, भिंत किती जाड ठेवू? मी चार मिलिमीटर धरलीय, भाजून साडेतीन होईल, त्यातून तीन थर पुसायचे म्हणजे जमीन दोनपर्यंत येईल, चालेल का?

वडणगेकर | सोमवार, रात्री १०.३५

चालेल, पण मानेला तीन थर पुसू नका, दोनच. तिथं मुळातच तुमची भिंत पातळ असणार आणि ताणा कोरताना अंगठ्याचा दाब नेमका तिथंच येतो. आतून हात घालायला जागा नसते म्हणून एका हातानं धरून दुसऱ्यानं पुसताना भांडं मांडीवर उशी घेऊन ठेवा. आधी एका तुटक्या तुकड्यावर करून बघा, स्पंज किती पिळायचा ते हाताला कळू दे.

आबा_कुंभारगल्ली | मंगळवार, सकाळी ६.००

आणि तो तुकडा भाजायला माझ्याकडं आणून दे. गुरुवारी नातवाची बिस्क लागतीया, वरच्या कप्प्यात जागा हाय.